बोटभर जपानी रेल्वे: निवडण्यापासून पळवण्यापर्यंत

गाडी थांबली की लोक मोटरीला दोष देतात. माझा म्हापशात पंपाच्या मोटरी रिवाइंड करायचा धंदा आहे, त्यामुळे बंद पडलेली प्रत्येक वस्तू माझ्या काउंटरवर ‘मोटर गेली’ म्हणूनच येते. पाच एचपीच्या पंपाचं ते बऱ्याचदा खरंही असतं. पण ज्या जपानी मॉडेल रेल्वेगाडीचा डबा तळहातावर मावतो, तिची मोटर सहसा ठणठणीत असते. वीज तिच्यापर्यंत पोचत नसते, एवढंच. नव्याने ह्या नादाला लागणाऱ्यांनी पैसे आणि डोकं दोन्ही कुठे खर्च करायचं, हे ह्या एकाच गोष्टीवरून ठरवावं. मोटर विकत मिळते. तिच्यापर्यंत वीज आणणं मात्र आपल्या हातांचं काम.

दुकानात ह्या गाड्या काढून बसलो की गिऱ्हाईक विचारतंच, “किदें रे, आतां खेळणीं दुरुस्त करपाक लागलो?” होय बाबा, लागलो.

काय जमवायचं

जपानमध्ये ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळाचा प्रघात आहे, त्याला एन गेज म्हणतात. काटो कंपनीने १९६५ साली सी५० हे वाफेचं इंजिन काढलं, तिथून जपानी एन गेजची सुरुवात धरतात. टोमिक्स १९७६ मध्ये आलं. ह्या दोघांच्या तयार गाड्या देखण्या असतात, पेटीतून काढून रुळावर ठेवल्या की पळतात, आणि महाग असतात. आपला विषय त्याहून खालच्या पायरीचा आहे: मुळात शोकेससाठी निघालेल्या आणि आपण मागाहून मोटर बसवायच्या गाड्या.

त्यांत दोन घराणी मोठी. पहिलं बांदाईचं ‘बी ट्रेन शॉर्टी’, २००२ पासूनचं. खऱ्या डब्याची लांबी आखडून सहाएक सेंटिमीटरवर आणलेली, रुंदी-उंची मात्र एन गेजच्या जवळपास. त्यामुळे डबा बुटका, गुबगुबीत दिसतो. सुटे भाग साच्याच्या चौकटीतून कापून खटक्याने जोडायचे. बांदाईने हे काढणं आता थांबवलं आहे, त्यामुळे मिळेल ते जुन्या बाजारातलं. दुसरं घराणं टोमीटेकचं ‘तेत्सुदो कलेक्शन’, २००५ पासूनचं. हे १:१५० प्रमाणातले पूर्ण लांबीचे, रंगवून तयार डबे. ह्यांतले बरेच संच बंद खोक्यात येतात. आत कुठला डबा निघेल ते फोडल्यावरच कळतं. त्या लॉटरीत मी पडत नाही. कोणीतरी फोडलेला, फोटो दाखवून विकायला ठेवलेला डबा घ्यावा.

तिसरं नाव रोकुहान. त्यांचा रूळ साडेसहा मिलिमीटरचा, प्रमाण १:२२०, आणि त्यातही ‘झेड शॉर्टी’ नावाची आखूड डब्यांची मालिका आहे. दिसायला गोड, पण धुळीचा एक कण आला तरी अडतात. गोव्यातल्या घरात, जिथे खिडक्या बारा महिने उघड्या असतात, तिथे पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये.

जपानची बहुतेक जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटर गेजची. आपल्या वास्को-कॅसलरॉकच्या जुन्या मीटर गेजहून जेमतेम तीन बोटं रुंद. त्यामुळे ज्यांना मोर्मुगाव लाइनीचे ते अरुंद डबे आठवतात त्यांना जपानी गावगाड्या लगेच ओळखीच्या वाटतात. माझे वडील त्या लाइनीने कुळेपर्यंत जात. मी त्यांच्या हातात एनोदेन ह्या समुद्रकाठच्या जपानी रेल्वेचा हिरवा-पिवळट डबा दिला, तर पहिला प्रश्न आला, “ह्याचा गार्ड खंय बसता?” हिशेब केला तर १०६७ चं १:१५० म्हणजे सात मिलिमीटर होतं आणि रूळ तर नऊचा. म्हणून मॉडेलचा रूळ डब्याच्या मानाने रुंद दिसतो. शिन्कान्सेनचा खरा रूळ १४३५ चा; तिची मॉडेलं १:१६० ने करतात आणि तिथे हिशेब बरोबर नऊवर बसतो.

आधी चाकं, मग रंग

नवखा माणूस रंग बघून डबा घेतो आणि मग त्यात बसणारं पॉवर युनिट शोधत फिरतो. उलट करा. मोटर, गिअर आणि चाकांसकट तयार मिळणारा खालचा भाग म्हणजे पॉवर युनिट. आधी ते कुठलं मिळतंय ते बघा आणि त्याला शोभेल असा डबा निवडा. बी ट्रेनसाठी बांदाईची स्वतःची युनिटं होती, ती आता दुर्मीळ. त्यांच्याऐवजी काटोचं लहान गाड्यांसाठीचं युनिट बहुतेक जण वापरतात, मीही तेच. तेत्सुदो कलेक्शनसाठी टोमीटेकची ‘टीएम’ नावाने सुरू होणारी युनिटं असतात आणि ती खऱ्या डब्याच्या लांबीवरून ठरतात: १२ मीटर, १६, १८, २० मीटर वर्ग. कुठल्या डब्याला कुठलं युनिट, ते डब्याच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर छापलेलं असतं. १८ च्या डब्यात २० चं युनिट कापून-घासून बसवण्याचे उद्योग करू नयेत.

गाडीत मोटर एकाच डब्याला लागते. बाकीचे डबे नुसते ओढायचे. त्यांच्यासाठी टोमीटेकचे ‘टीटी’ नावाचे संच येतात: धातूची चाकं, वजनाच्या पट्ट्या आणि कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे आकडे. शोकेसच्या डब्याची मूळ चाकं प्लास्टिकची असतात. ती फिरतात, पण रुळावर घाण पसरवतात आणि डबा इतका हलका असतो की वळणावर आडवा होतो.

मागवताना सरकारी बाजूही बघावी लागते. परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, प्रमाणपत्राचा नियम लागू झाला. तेव्हा मागवण्याच्या दिवशीचा दर आणि नियम बघूनच बटण दाबा. जपानमधल्या विक्रेत्याने लिहिलेली किंमत ही अर्धीच गोष्ट. माझा मामेभाऊ बोटीवर असतो. योकोहामाला बोट लागली की तो फोन करतो आणि मी यादी पाठवतो. गोव्यात ज्याच्या घरात कोणीच तारवटी नाही असं घर विरळा, तेव्हा आधी नातेवाइकांत चौकशी करा.

जुन्या मालाच्या जपानी वर्णनात तीन शब्द ओळखता आले तर पुरे: ‘मिकुमिताते’ म्हणजे न जोडलेला, ‘दोर्योकु’ म्हणजे मोटरवाला, आणि ‘जंक’ म्हणजे जसा आहे तसा, तक्रार ऐकणार नाही. जंक मधला डबा खुशाल घ्या. जंक मधलं पॉवर युनिट फक्त तेव्हा, जेव्हा तुम्हाला मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कम्युटेटर आणि कार्बन ब्रश साफ करता येतात. मला येतात, म्हणून मी घेतो.

जोडणी

बी ट्रेन जोडायला साधा नायलॉन कापणारा चिमटा चालतो, पण कट दोनदा घ्या: आधी लांबून, मग भागाला लागून. खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं. एकदम लागून कापलं की पांढरी चीर आत शिरते आणि ती कशानेही जात नाही. गोंद लावू नका. खटके घट्ट असतात, आणि हा डबा तुम्हाला मोटरीसाठी, वजनासाठी, साफसफाईसाठी पुन्हापुन्हा उघडायचा आहे. पाटीचे स्टिकर नव्या पात्याने कापून, बोट न लावता, चिमट्याने ठेवा. आपल्या हवेत घामाचं बोट लागलेला स्टिकर पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यातून उठतो.

काही संचांत डब्याच्या आतली पट्टी युनिटला आडवी येते. कापण्याआधी डब्याच्या रिकाम्या खोक्यात (म्हणजे त्याच्या वरच्या कवचात; पुढेही जोडणीतला खोका तोच) युनिट सरकवून बघा, पेन्सिलीने खूण करा आणि थोडं-थोडं काढा.

तेत्सुदो कलेक्शनचा डबा वेगळ्या रीतीने उघडतो. खोक्याच्या दोन्ही बाजू खालून किंचित फाकवायच्या आणि मधे टूथपिक सरकवायची. तळ सुटून येतो. तळातली लोखंडी पट्टी बाजूला ठेवा. मूळ तळाखाली लटकलेली उपकरणांची नक्षी सोडवून युनिटला लावायची. युनिटसोबत चाकांच्या बाजूच्या नक्षीचे दोन-तीन प्रकार येतात. आपल्या डब्याशी जुळणारा निवडायचा. मग खोका वरून दाबला की झालं. ह्यात फार तर चहा होईपर्यंतचा वेळ जातो.

पण खोका दाबायच्या आधी थांबा.

उघडं युनिट रुळावर

नवीन असो वा जुनं, युनिट आधी उघडंच पळवा. एक वर्तुळ रूळ मांडा आणि सावकाश, दोन्ही दिशांना, अर्धा-अर्धा तास चालवा. ब्रश कम्युटेटरवर बसतात, आवाज बदलतो. आता वेग इतका कमी करा की गाडी सरपटेल. इथेच सगळं कळतं.

सरपटताना ती अडते का? अडली तर बोटाने एका टोकाला हलकंसं दाबा. दाबल्यावर निघाली तर त्या टोकाचा चाकांचा गाडा वीज नीट घेत नाही. गाडा उलटा करून भिंगाखाली धरा. दोन्ही बाजूंना तांब्याच्या रंगाच्या केसासारख्या पातळ पत्त्या दिसतील आणि चाकाच्या अक्षाची टोकं त्या पत्त्यांमधल्या खळग्यांत टेकलेली असतील. वीज रुळातून चाकात, चाकातून अक्षाच्या टोकात, टोकातून ह्या खळग्यात आणि तिथून मोटरीला जाते. खळग्यात काळा मळ असतो, अक्षाला केस किंवा काथ्याचा धागा गुंडाळलेला असतो. धागा चिमट्याने ओढा, टूथपिकच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खळगा पुसा. मल्टिमीटर असेल तर वीज सलग जाते का ते बीप देऊन सांगणाऱ्या कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक चाकाला, दुसरं मोटरीच्या टर्मिनलला लावा आणि चाक हाताने फिरवा. बीप तुटता कामा नये. तुटत असेल तर पत्ती किंचित आत वाकवा. ‘किंचित’ म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकी.

चाकं पुसायची सोपी रीत: रुळावर टिश्यू पेपर आडवा टाका, त्यावर अल्कोहोलचे दोन थेंब. गाडीचा एक गाडा कागदावर, दुसरा उघड्या रुळावर. गाडी हाताने धरून वीज द्या. उघड्या रुळावरची चाकं वीज घेतात, कागदावरची चाकं जागेवर फिरतात आणि काळे पट्टे सोडतात. मग गाडी उलटी फिरवून दुसरं टोक. सँडपेपर मात्र रुळालाही नको, चाकालाही नको. घासलेल्या रेषांत मळ आणखी घट्ट बसतो. अल्कोहोल रंगवलेल्या खोक्यावर सांडू देऊ नका, आणि थिनर तर त्या टेबलावरच ठेवू नका.

तेल प्लास्टिकला चालणारं, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेल हे औषध असतं, इथे नाही. ते ओघळून चाकावर येतं, रूळ चिकट होतो, धूळ धरतो.

युनिटच्या एखाद्या चाकाला बारीक रबराची कड असते. ती पकडीसाठी. त्या चाकातून वीज येत नाही, म्हणून बाकीची चाकं साफ असणं आणखी गरजेचं. रबर कडक झालं, चकाकू लागलं, की बदला.

ह्यानंतर वजन. बी ट्रेनचा डबा प्लास्टिकचा, हलका. चाक रुळाला दाबलं गेलं नाही तर वीज मिळणार कुठून? शुक्रवारच्या बाजारात गळ-दोरी विकणाऱ्याकडे शिशाचे गोळे मिळतात. एक गोळा हातोडीने चपटा करा, इन्सुलेशन टेपमध्ये पूर्ण गुंडाळा म्हणजे आत शॉर्ट होणार नाही, आणि दुहेरी टेपने शक्य तितका खाली, मोटरीने फिरणाऱ्या चाकांच्या वरच्या जागी बसवा. आठ-दहा ग्रॅमने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि हे काम पोरांना देऊ नका.

वीज

जपानमधला जुना पॉवर पॅक आणला असेल तर त्याचा प्लग आपल्या सॉकेटात घालू नका. तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. रुळावर मात्र १२ व्होल्ट डीसीच लागतो, म्हणून तो पॅक आणायचीच गरज नाही. राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या, त्यापुढे वीज झपाट्याने चालू-बंद करून डीसी मोटरचा वेग बदलणारा छोटा पीडब्ल्यूएम मॉड्यूल, आणि दिशा बदलायला डीपीडीटी स्विच. मधे अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. घसरलेली गाडी दोन रुळांमध्ये आडवी पडली की शॉर्ट होतो. फ्यूज नसेल तर त्या केसासारख्या पत्त्या तापून प्लास्टिकमध्ये उतरतात. मोटर गुणगुणली तर समजा मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी कमी आहे. जास्त फ्रिक्वेन्सीचा घ्या, मोटरही कमी तापेल.

ऐन पावसात वीज जाते तेव्हा यूपीएसमधली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी त्याच मॉड्यूलला चालते. तिथे तर फ्यूज हवाच हवा.

चवथीचा रूळ

आमच्या घरी गाडी वर्षात खरी पळते ती गणपतीच्या भोवती. चौरंग ५० सेंटिमीटरचा असेल तर काटोच्या युनिट्रॅक नावाच्या रुळांत हिशेब सरळ आहे: २४८ मिलिमीटरचे सरळ तुकडे चार, प्रत्येक बाजूला एक, आणि २४९ त्रिज्येची ४५ अंशांची वळणं आठ, प्रत्येक कोपऱ्यात दोन. बाहेरून पाऊण मीटरचा चौरस होतो, चौरंगाच्या कोपऱ्यापासून गाडी पाचेक सेंटिमीटर लांबून जाते. ६० चा चौरंग ह्यात बसत नाही, कोपरा रुळालाच टेकतो. तिथे प्रत्येक बाजूला आणखी एक तुकडा घाला. बी ट्रेन शॉर्टी ह्याहून कितीतरी घट्ट वळणं घेते. काटोची १५० आणि ११७ त्रिज्येची, टोमिक्सची १०३ चीसुद्धा वळणं मिळतात. तेत्सुदो कलेक्शनचा २० मीटर वर्गाचा डबा मात्र त्यांवर नेऊ नये.

वीज एकाच ठिकाणी देऊ नका. समोरासमोरच्या दोन ठिकाणी द्या, प्लस-मायनस त्याच बाजूला ठेवून. रुळांच्या सांध्यांवर आपल्या हवेत पापुद्रा येतो आणि गाडी लांबच्या कोपऱ्यात मंदावते. तेव्हा लोक म्हणतात, मोटर गेली.

चढ करायचा मोह होतोच, कारण समोर डोंगर आणि धबधबा केलेला असतो. कॅसलरॉक-कुळे घाटाचा खरा चढ ३७ ला १ आहे. तोच ठेवा: ३७ सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर उंची. शॉर्टीचा एक मोटरचा डबा मागे दोन डबे घेऊन तेवढा चढतो. रूळ उचलून धरायला मिळणारे तयार खांबांचे संच ४ टक्के, म्हणजे २५ ला १ देतात. त्यावर चाकं जागच्या जागी फिरत बसतात.

खरा शत्रू वर टांगलेला असतो: माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळापानांची चौकट. माटोळीतून आंब्याच्या टहाळ्यांचा चीक, सुपारीच्या शिपटातली धूळ, तोरिंगाच्या सालीवरचं पाणी, सगळं थेंब-थेंब रुळावर पडतं. त्यात धूप आणि कापराची काजळी. म्हणून माटोळी आधी बांधा, रूळ नंतर मांडा, आणि रूळ माटोळीच्या चौकटीच्या किंचित बाहेर घ्या. रोज आरतीआधी अल्कोहोलच्या फडक्याने एक हात फिरवा. समईपासून प्लास्टिकचा रूळ वीतभर लांब असू द्या. आणि पाहुणे कितीही म्हणोत, ह्या मोटरी तासनतास पळायला केलेल्या नाहीत. पंधरा मिनिटं पळवा, पंधरा मिनिटं गार होऊ द्या. दोन पॉवर डबे असतील तर आळीपाळीने लावा.

विसर्जनानंतर रूळ पुसून, कोरडे करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. गाडी ठेवताना ती चाकांवर उभी न ठेवता आडवी ठेवा, नाहीतर वर्षभरात रबराच्या कडेला सपाट ठिकाण पडतं आणि पुढच्या वर्षी गाडी टक-टक करत फिरते. मूळ पुठ्ठ्याची खोकी वेगळ्या पिशवीत ठेवा. पुठ्ठा ओल धरतो, आणि जपानमध्ये परत विकायची वेळ आली तर किंमत त्या खोक्यालाच असते.